पहिले प्रतिवादी

लॉ करत असाल तर एक कार्यक्रम कधी ना कधी तुमच्या वाट्याला येतोच. कायदेविषयक शिबिर. ग्रामपंचायतीचा हॉल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मागे बॅनर. भाषणं संपली की फोटो होतात आणि चहा येतो. मग कोपऱ्यात बसलेले एक आजोबा उठतात, पिशवीतून घडी पडून फाटायला आलेला सातबारा काढतात आणि विचारतात, की ह्या जमिनीवर आमचं नाव का नाही. तिथे खरं शिबिर सुरू होतं, आणि नेमकं तेव्हाच आपल्याला परतीची एसटी पकडायची असते.

त्या आजोबांसाठी पुढची दहा वर्षं थांबायचं ठरवलं तर? एक केस, फी शून्य, आणि तारखांवर तारखा. असं एका माणसाने आपल्याच कोकणात केलं. त्याचं नाव तुम्हाला माहीत आहे. पुतळ्यातल्या त्यांच्या हातात संविधान असतं, म्हणून आपण त्यांना थेट १९४९ पासून ओळखतो. त्याआधी ते मुंबईत परळच्या चाळीत राहणारे वकील होते आणि त्यांना केसेस मिळत नव्हत्या, हे आपल्या लक्षातच राहत नाही.

भीमराव रामजी आंबेडकर १८९१ साली महूला जन्मले. पण घराणं मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचं. वडील सुभेदार रामजी निवृत्त झाल्यावर काही काळ दापोलीला होते. पत्नी रमाबाई दापोलीजवळच्या वणंदच्या. म्हणजे माणूस पक्का कोकणी. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्यांबद्दल शाळेपासून ऐकलंय, ते इथे पुन्हा सांगत नाही. एवढंच लक्षात ठेवा, की बडोद्याच्या स्कॉलरशिपची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये शिक्षण अर्धं टाकून परत यावं लागलं होतं. मग सिडनॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची आणि नवल भथेना या पारशी मित्राची मदत घेतली आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं. १९२२ मध्ये ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. १९२३ मध्ये मुंबईत उतरले तेव्हा नावामागे पदव्यांची रांग होती आणि खिसा रिकामा. वकिलीची सनद काढायलासुद्धा भथेनाच धावून आले.

सनद मिळाली म्हणून केस मिळते असं नाही, हे कोणताही ज्युनिअर सांगेल. त्यातून त्या काळच्या मुंबई हायकोर्टाची व्यवस्था अशी, की मूळ शाखेत बॅरिस्टरकडे अशील थेट जाऊच शकत नसे. मध्ये सॉलिसिटर. अशील सॉलिसिटरच्या फर्मकडे जायचा आणि फर्म बॅरिस्टरला ब्रीफ द्यायची. मोठ्या फर्म, मोठे व्यापारी, ओळखीपाळखी, क्लब. या साखळीत महार जातीच्या बॅरिस्टरला ब्रीफ द्यायला फारसं कोणी तयार नव्हतं. मग उरली अपिलाची बाजू आणि मुंबईबाहेरची जिल्हा कोर्टं. गोऱ्या साहेबाचा मान होता, देशी बॅरिस्टरमध्येही घराणी होती, आणि हे गृहस्थ मिळेल ते काम घेऊन थर्ड क्लासने खालच्या कोर्टांत जात.

मिळणारे अशीलही बहुतेक असे, की ज्यांच्याकडे फी नाही. गिरणीकामगार, गावाकडून आलेले महार-चांभार, पाणवठ्यावरून किंवा वाटेवरून मार खाल्लेले लोक. त्यांना मुंबईत कळायचं एवढंच, की आपला एक बालिस्टर परळला बसतो. दामोदर हॉलमधल्या ऑफिसात ते येत आणि कागद पुढे ठेवत. अनेकांच्या केसेस बाबासाहेबांनी फुकट चालवल्या. कमाई भरून काढायला १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये ते व्यापारी कायदा शिकवत. म्हणजे वकिलीचा तोटा शिकवण्यातून भरायचा. आपल्याकडे उलटं असतं; लोक शिकवण्याचा तोटा क्लासेसमधून भरतात!

सरकारी नोकरी मिळाली नसती का? त्या पदव्यांवर सहज मिळाली असती, पगारही भरपूर. त्यांनी ती घेतली नाही, कारण नोकरीत तोंड बांधलं जातं. वकिली हा स्वतंत्र धंदा होता आणि तो त्यांनी मुद्दाम निवडला होता. १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक सुरू केलं तेव्हा अंकाचे चोवीस-चोवीस रकाने ते एकटे लिहीत, कोर्ट आटोपून, एक पैसा न घेता. पुढे त्याच पाक्षिकात त्यांनी या हिशोबाबद्दल उघडपणे लिहिलं. त्यागाचा मोठेपणा मिरवण्यासाठी ते लिहिलेलं नव्हतं. वर्गणी न भरणाऱ्या समाजाला जरा ओशाळं वाटावं म्हणून लिहिलं होतं.

ह्या हिशोबाची दुसरी बाजू परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांत होती. घर चालवायचं ते रमाबाईंनी, आणि घरात पैसा कधी येईल याची शाश्वती नाही. त्यांना पाच मुलं झाली, त्यातला एकटा यशवंत जगला. शेवटचा राजरत्न १९२६ च्या जुलैमध्ये गेला. बाबासाहेब त्या दु:खातून लवकर बाहेर आले नाहीत. समाजसेवकांच्या चरित्रात घरची माणसं एका वाक्यात उरकायची आपल्याकडे पद्धत आहे. फुकट केसचे पैसे कोणाच्या ताटातून वजा होत होते हे विचारलं, तर ते वाक्य लांबतं. रमाबाई १९३५ मध्ये गेल्या. त्याआधी वर्षभर कुठे दादरच्या राजगृहात, म्हणजे स्वतःच्या घरात, राहायला मिळालं होतं.

राजरत्न गेला त्यानंतर तीन महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, बाबासाहेब पुण्याच्या सेशन्स कोर्टात उभे होते. 'देशाचे दुश्मन' या पुस्तकाची केस. लेखक दिनकरराव जवळकर, प्रकाशक केशवराव जेधे. पुस्तकात टिळक आणि चिपळूणकरांवर जहाल टीका होती आणि खालच्या कोर्टाने शिक्षा ठोठावली होती. पुण्याचं वातावरण तापलेलं. अपिलात बाबासाहेबांनी सगळे आरोपी सोडवले. मुद्दा भावनेचा नव्हता, कायद्याचा होता. मृत माणसाच्या बदनामीची फिर्याद करायचा अधिकार कोणाला, दूरच्या नातलगाला आहे का, यावर त्यांनी बोट ठेवलं.

१९३४ ची एक केस मात्र ते हरले, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकात लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं देत. त्यावरून अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांच्या बाजूने उभं राहिलं तर नाव जाणार हे उघड होतं. बाबासाहेब उभे राहिले. निकाल विरुद्ध गेला, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. आज कोणी त्या मासिकावर हसतसुद्धा नाही, इतकं ते सौम्य वाटतं. पण तेव्हा ह्या केसमध्ये ना पैसा होता, ना टाळ्या, ना आपल्या समाजाचा प्रत्यक्ष फायदा.

आता महाड.

१९२३ मध्ये रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला, की सरकारी पैशाने चालणारे पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. महाड नगरपालिकेने त्यानुसार १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केलं. कागदावर. प्रत्यक्षात तिथे जायची कोणाची हिंमत नव्हती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर गावात परिषदेच्या लोकांवर हल्ला झाला, पुढे तळ्याचं शुद्धीकरण झालं, आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. इथपर्यंतची गोष्ट आपण दरवर्षी ऐकतो.

त्यापुढची सहसा कोणी सांगत नाही. बाबासाहेबांनी डिसेंबरात पुन्हा महाडला परिषद आणि सत्याग्रह जाहीर केला. त्याआधीच, १२ डिसेंबरला, महाडच्या काही सवर्ण मंडळींनी दिवाणी कोर्टात दावा लावला. तळं खासगी आहे, अस्पृश्यांनी तिथे यायची वहिवाट कधीच नव्हती, असं त्यांचं म्हणणं. पहिले प्रतिवादी डॉ. आंबेडकर. दोन दिवसांत, १४ डिसेंबरला, तात्पुरता मनाई हुकूम निघाला. आंदोलनाला आंदोलनाने उत्तर द्यायचं सोडून समोरच्यांनी वकिलाला त्याच्याच अंगणात ओढलं. डाव हुशारीचा होता, मानावं लागेल.

२४ डिसेंबरला बाबासाहेब मुंबईहून पद्मावती बोटीने निघाले. दुसऱ्या दिवशी दासगाव बंदरात उतरून सगळे चालत महाडला गेले. आपल्या आजी-आजोबांनी मुंबई-मालवण बोट पाहिली असेल, त्यांना विचारा तो प्रवास कसा असायचा. मंडपासाठी जागा कोणी हिंदू देईना. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. २५ तारखेच्या रात्री मनुस्मृती जाळली. आणि मग खरा पेच आला. हजारो लोक सत्याग्रहासाठी नावं नोंदवून बसले होते. घरदार सोडून आलेले, मार्चमध्ये मार खाल्लेले. त्यांच्या मध्ये आणि पाण्याच्या मध्ये होता एक कागद, कोर्टाच्या सहीचा. मोडायचा का?

वकिलाने मोडला तर सनद धोक्यात, हा त्यातला लहान भाग. मोठा भाग असा, की मनाई हुकूम मोडला की भांडण सवर्णांशी न राहता सरकारशी होतं, आणि दावा गुणवत्तेवर जिंकायची संधी हातची जाते. पाळला, तर लोक म्हणणार साहेब कचरला. सभेत बहुतेक वक्ते मोडायच्या बाजूचे होते. रात्री सहकाऱ्यांशी खल झाला. शेवटी बाबासाहेबांनी परिषदेला सत्याग्रह पुढे ढकलायला राजी केलं. २७ तारखेला लोकांनी तळ्याभोवती मिरवणूक काढली आणि पाण्याला हात न लावता परतले. पाणी डोळ्यासमोर होतं.

हा निर्णय बरोबर होता का, यावर आजही वाद घालता येतो. वाद घालताना एक गोष्ट विसरू नये. निर्णय घेणाऱ्याने त्याची किंमत स्वतःवर घेतली, आणि ती किंमत होती सव्वानऊ वर्षं.

१९२८ च्या फेब्रुवारीत मनाई हुकूम उठला, पण दावा सुरूच राहिला. लेखी कैफियत, साक्षी, उलटतपासण्या. महाडच्या कोर्टाने १९३१ च्या जूनमध्ये दावा फेटाळला. वादी ठाण्याच्या कोर्टात अपिलात गेले. १९३३ च्या जानेवारीत तिथेही हरले. मग हायकोर्ट. मधल्या काळात बाबासाहेब तीन वेळा गोलमेज परिषदेला लंडनला जाऊन आले, पुणे करार झाला, नाशिकचा सत्याग्रह झाला, रमाबाई गेल्या, ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. जगभर नाव झालं तरी महाडच्या दाव्यात ते पहिले प्रतिवादीच होते.

निकाल लागला १७ मार्च १९३७ ला. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया. हे तेच ब्रूमफील्ड, ज्यांनी १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावली होती. कोर्टापुढचा प्रश्न माणुसकीचा नव्हता, रूढीचा होता. रूढीला कायद्याचं बळ हवं असेल तर ती अनादी काळापासून अखंड चालत आलीय हे सिद्ध करावं लागतं. वादींना ते जमलं नाही. तळं नगरपालिकेचं ठरलं. नगरपालिका येण्यापूर्वी अस्पृश्यांना तिथून हटवण्याची वेळ आली होती, असा भरवशाचा पुरावाच नव्हता. आणि जे पाणी मुसलमानांना चालत होतं ते अस्पृश्यांनीच कसं विटाळतं, याचं समाधानकारक उत्तर कोणाजवळ नव्हतं. अपील फेटाळलं, खर्चासह.

लॉच्या मुलांनी ही केस जरूर शोधून वाचावी: नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर. समतेवर भाषण न करता पुराव्याच्या ओझ्यावर समता कशी जिंकतात, ते त्यात दिसतं. (आणि हो, आता मालवणच्या दाव्याचं अपील हायकोर्टात न्यायला मुंबई गाठावी लागत नाही. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच बसतं. तरीही तारखा तारखाच असतात.)

कोर्टाबाहेरचं काम याच्याच जोडीला चाललं होतं. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली, तिचं ऑफिस दामोदर हॉलमध्येच. तिची पदाधिकाऱ्यांची यादी मजेशीर आहे. अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड, मुंबईतले नामांकित वकील. उपाध्यक्षांत बाळ गंगाधर खेर, रत्नागिरीत जन्मलेले सॉलिसिटर, मणिलाल खेर या फर्मचे. ज्या वकील मंडळींच्या जगात आंबेडकरांना ब्रीफ मिळत नव्हती, त्याच जगातली काही माणसं या कामात नाव आणि वजन द्यायला पुढे आली. सभेने १९२५ मध्ये सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केलं. वाचनालयं काढली. कार्यकारिणीचे अध्यक्ष बाबासाहेब, म्हणजे राबायचं कोणी हे वेगळं सांगायला नको.

खेरांचं नाव ध्यानात ठेवा.

तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा आजच्यासारखा नव्हता. मालवण, देवगड, वेंगुर्लं त्यातच होतं. सावंतवाडीचं संस्थान वेगळं. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ चा. ह्या जुन्या जिल्ह्यात गावोगाव खोती होती. खोत सरकारला सारा भरायचा आणि कुळांकडून भाताचा मोठा हिस्सा, वर वेठ, असं वसूल करायचा. पिढ्यान्पिढ्या जमीन कसणाऱ्याचं नाव कागदावर नाही. सुरुवातीच्या त्या आजोबांच्या सातबाऱ्याची मुळं अशा ठिकाणी सापडतात. बाबासाहेबांनी १९२९ मध्ये चिपळूणच्या परिषदेत खोतीविरुद्ध बोलायला सुरुवात केली. या लढ्यात महार कुळं होती तशी कुणबी, आगरी, भंडारी कुळंही होती. खोतांमध्ये ब्राह्मण होते, मराठे होते, मुसलमानही होते. म्हणजे ही एका जातीची केस नव्हती.

हायकोर्टाचा निकाल लागला त्याच्या महिनाभर आधी ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेवर निवडून आले होते. १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी खोती नष्ट करणारं बिल मांडलं. त्यातही वकील दिसतो. खोताला योग्य भरपाई द्या, आणि कसणाऱ्याला कब्जेदाराचा हक्क द्या. १० जानेवारी १९३८ ला कोकणातून बोटीने, पायी, मिळेल तसे आलेले हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने विधानसभेवर गेले. त्याच वर्षी कणकवलीलाही परिषद झाली आणि बाबासाहेब इकडे आले. आज आपण जिथे एसटी बदलतो, त्या कणकवलीत.

मोर्चाचं शिष्टमंडळ ज्या पंतप्रधानांना भेटलं (प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तेव्हा पंतप्रधान म्हणत) ते होते बाळासाहेब खेर. तेच, बहिष्कृत हितकारिणी सभेचे उपाध्यक्ष. आणि त्यांच्या सरकारच्या काळात ते बिल मंजूर झालं नाही. चळवळीला मदत करणं आणि चळवळीची मागणी मान्य करणं ह्यात किती अंतर असतं, हे यावरून दिसतं. खेर वाईट माणूस नव्हते. आदिवासींसाठी त्यांनी मनापासून काम केलं. पण वसतिगृहाला पाठिंबा देऊन कोणाची जमीन जात नाही, खोती काढली की जाते.

१९३९ मध्ये ते मंत्रिमंडळ गेलं, युद्ध आलं, बिल मागे पडलं. बाबासाहेब पुढे दिल्लीला गेले, मजूरमंत्री झाले. वकिली मागे पडत गेली. पैसा मात्र तसाच जात राहिला, पुस्तकांत आणि संस्थांत. दादरला राजगृहाबरोबर बांधलेली चार मिनार ही इमारत विकावी लागली. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ च्या जूनमध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. नोकरी करून शिकणाऱ्या मुलांना येता यावं म्हणून तासिका सकाळच्या. चाळीतल्या दोन खोल्यांत पहाटे उठून अभ्यास केलेल्या माणसालाच हे सुचतं. १९५६ मध्ये सिद्धार्थ लॉ कॉलेजही निघालं, आणि त्याच वर्षीच्या ६ डिसेंबरला ते गेले.

खोतीचं काय झालं, ते राहिलं. स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांतात पुन्हा खेरच मुख्यमंत्री होते. १९४९ चा मुंबई खोती निर्मूलन कायदा त्यांच्याच सरकारने केला, आणि तो १५ मे १९५० ला लागू झाला. बिल मांडल्यापासून बारा वर्षं आणि आठ महिने.